मदत हवी आहे: मांडवी एक्स्प्रेसमध्ये लॅपटॉपवरची नाटकं अडकतात

अंत्रुजकर (बुधवार, रात्री ११:४०)
शुक्रवारी सकाळी मडगावहून मांडवीने ठाण्याला ताईकडे निघायचंय, बाबा बरोबर आहेत. गेल्या खेपेला त्यांच्या नाटकांच्या डीव्हीडी आणि दोन-तीन जुने सिनेमे रिप करून (डिस्कवरून फाईलीत उतरवून) लॅपटॉपमध्ये भरून नेले होते. गाडीत लावलं की पाच मिनिटं बरं चालतं, मग चित्र गोठतं आणि आवाज पुढे पळतो. नट तोंड उघडतो तोवर त्याचं वाक्य संपलेलं असतं. बाबांनी थिवी यायच्या आतच "बंद कर ते" म्हणून सांगितलं. घरी हेच सगळं व्यवस्थित चालतं. व्हीएलसी (व्हिडिओ प्लेअर) टाका असं कोणी सांगू नये, व्हीएलसीच आहे. नवा लॅपटॉप घ्या हेही नको. मधे एकच दिवस आहे.

कुळागर
फाईली लॅपटॉपच्या आत आहेत की बाहेरच्या हार्डडिस्कवर? लॅपटॉप कोणता, किती जुना? फाईल कोणत्या प्रकारची, एमकेव्ही की एमपी४? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

रेल्वेवेडा
यात विचारायचं काय? हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरत असते, गाडीच्या हादऱ्यांनी वाचन अडतं. मी २०१९ साली एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) बसवून घेतली, तेव्हापासून एकदाही त्रास नाही. उद्याच बसवून घ्या, तासाभराचं काम.

खुसपट
हादऱ्यांनी वाचन अडलं असतं तर आवाजही थांबला असता. चित्र आणि आवाज एकाच फाईलमधून येतात. इथे आवाज पुढे पळतोय, म्हणजे डेटा नीट पोचतोय, चित्र उलगडताना प्रोसेसरला धाप लागतेय. एसएसडी चांगलीच, पण पोट दुखतंय म्हणून चष्मा बदलून काय होणार?

रेल्वेवेडा
मी अनुभव सांगितला. पुस्तकी ज्ञान तुमच्याकडे ठेवा.

वायफळ
मांडवीत बसून लॅपटॉप कसला बघता हो? खिडकीला बसा, कटलेट मागवा, भजी मागवा. पावसाळ्यात तर बाहेरच सिनेमा असतो. आमच्या आतेला रत्नागिरी येईपर्यंत तीनदा खायला लागायचं.

अंत्रुजकर
वायफळ, बाबांना मोतीबिंदू आहे, खिडकीबाहेरचं त्यांना धूसर दिसतं. नाटक मुख्यतः ऐकायचंच असतं, पण चित्र गोठलं की चिडतात. तरुणपणी ते स्वतः देवळाच्या उत्सवी नाटकांत कामं करायचे, त्यामुळे समोरच्या नटाची चूक पहिली दिसते.
कुळागर, फाईली आतच आहेत, एमकेव्ही. लॅपटॉप २०१४चा, आय३.

मोबाईलमास्तर
२०१४! फेकून द्या. मोबाईलवर एखाद्या ओटीटीचं सबस्क्रिप्शन घ्या, घरी वायफायवर डाऊनलोड करा, झालं. गाडीत नेटवर चालवायला मात्र जाऊ नका. कोकण रेल्वेवर नव्वदहून जास्त बोगदे आहेत, एकट्या करबुड्याचाच साडेसहा किलोमीटरचा. रेंज येते तोवर पुढचा बोगदा हजर.

अंत्रुजकर
ही नाटकं ओटीटीवर नाहीत. असती तर डीव्हीडी रिप करत बसलो असतो का?

सरळमार्गी
कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. रिप करणं म्हणजे पायरसीच. कलाकारांच्या पोटावर पाय.

कायदेपंडित
एवढं सरसकट नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापराला काही मोकळीक आहे. २०१२च्या दुरुस्तीने आलेलं ६५अ हे डिजिटल कुलूप फोडण्याबद्दलचं कलम आहे, त्यालाही अपवाद आहेत. स्वतः विकत घेतलेली डिस्क स्वतःच्या वडिलांना दाखवणं आणि नेटवर चढवणं यांत फरक करा. सविस्तर हवं असेल तर वेगळा धागा काढा.

अंत्रुजकर
डिस्का आमच्याच आहेत, बिलासकट. कपाटात ओळीने लावल्यात, बाबा कोणाला हात लावू देत नाहीत. आता मूळ प्रश्नाकडे याल का?

खुसपट
येतो. व्हीएलसीत नाटक चालू असताना कंट्रोल आणि जे एकत्र दाबा. कोडेक (चित्र दाबून साठवायची पद्धत), रिझोल्यूशन आणि फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) काय दिसतं ते इथे टाका. दुसरं, घरी बघता तेव्हा चार्जर लावलेला असतो का?

अंत्रुजकर
चार्जर तर कायम लावलेलाच असतो, बॅटरी जुनी आहे. कोडेक एचईव्हीसी, १० बिट. १९२० × १०८०. फ्रेमरेट ५०. भाच्याने करून दिलं, म्हणाला मामा, डीव्हीडीचं फुल एचडी केलंय.

कुळागर
अरे देवा. डीव्हीडीवर मुळात चित्रच ७२० × ५७६चं असतं. भाच्याने ते ताणून मोठं केलं. पाणी घातलं की आमटी वाढते, चव वाढत नाही.

खुसपट
सापडलं. एचईव्हीसी म्हणजेच एच.२६५. फाईल लहान होते, पण उलगडायला फार कष्ट. इंटेलच्या चिपमध्ये १० बिट एचईव्हीसीसाठी पूर्ण हार्डवेअरची सोय सातव्या पिढीपासून आली. तुमचा आय३ बहुधा चौथ्या पिढीचा, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर, तोही सेकंदाला ५० फ्रेम. चार्जर असताना कसंबसं ओढतो. बॅटरीवर गेलात की विंडोज वीज वाचवायला प्रोसेसरचा वेग उतरवतं, मग धावतो कसला! खात्री हवी तर आत्ता घरीच चार्जर काढा आणि नाटक लावा.

अंत्रुजकर
काढला. सातव्या मिनिटाला गोठलं. घरात, कोचावर, एकही हादरा नसताना.

रेल्वेवेडा
तरी एसएसडीने फरक पडतोच.

वायफळ
रेल्वेवेडा, तुमच्या एसएसडीला आता तरी चहा पाजा.

हँडब्रेकवाला
सोपं आहे. हँडब्रेक हे व्हिडिओ एका प्रकारातून दुसऱ्यात बदलणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सगळ्या फाईली एच.२६४, ८ बिट, ५७६, २५ फ्रेमवर करा. आमच्या घरी सगळा संग्रह असाच आहे.

कुळागर
त्या म्हाताऱ्या आय३वर तीन अंकी नाटक परत एन्कोड करायला किती वेळ लागेल, याचा विचार केलात का? माणूस परवा निघतोय. डिस्का घरात आहेत, २०१४च्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्हही असेल. मेकएमकेव्ही नावाचं सॉफ्टवेअर घ्या, डिस्क घाला, जशीच्या तशी एमकेव्हीत उतरवा. यात एन्कोडिंग नाहीच, वेळ जातो तो फक्त कॉपीचा. आतलं चित्र एमपीईजी-२च राहतं आणि ते उलगडणं त्या प्रोसेसरला काहीच जड नाही.

हँडब्रेकवाला
पण मग एकेक फाईल चार-साडेचार जीबीची होणार. एवढी जागा कोण देतं?

कुळागर
पाच नाटकं म्हणजे वीसेक जीबी. त्यात काय मोठंसं? भाच्याच्या फाईली पुसल्या की जागाच जागा.

अंत्रुजकर
भाच्याला नाही सांगणार.

अंत्रुजकर (गुरुवार, संध्याकाळी ७:१०)
चार डिस्का उतरल्या. पाचवीवर ओरखडा आहे, अर्ध्यात थांबते. चार्जर काढून पूर्ण पहिला अंक बघितला, कुठेच अडकलं नाही. फक्त कोणी पटकन हात हलवला की कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. आणि जादा प्रत म्हणून पेनड्राइव्हवर टाकायला गेलो तर "फाईल फार मोठी" म्हणतो. त्यात १९ जीबी रिकामे आहेत!

खुसपट
रेघा इंटरलेसिंगमुळे, म्हणजे चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत साठवल्यामुळे. व्हीएलसीत डी दाबा, जातील. पेनड्राइव्ह फॅट३२ (फॉरमॅटची जुनी पद्धत) असणार, त्यात एक फाईल ४ जीबीहून मोठी मावत नाही. आतला माल दुसरीकडे काढून ठेवा आणि मग एक्सफॅटने फॉरमॅट करा. उलट क्रमाने नको. ओरखड्याची डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल गोल नाही.

शेजारधर्म
आणि हेडफोन न्या हो. दोघांना ऐकायचं तर एकातून दोन काढणारा स्प्लिटर मिळतो. डब्यात सगळ्यांना तिसरा अंक ऐकायचा नसतो.

अंत्रुजकर (शुक्रवार, दुपारी)
गाडीतून लिहितोय, रेंज येते-जाते. चालतंय! चार्जिंगच्या जागेला तीन मोबाईल आधीच लटकलेत, बॅटरी दीड तासात संपेल, म्हणून बाबांनी स्वतःच ठरवलं, रत्नागिरीपर्यंत दोन अंक, तिसरा चार्जिंग झाल्यावर. त्यांची एकच तक्रार, बोगद्यात संवाद ऐकू येत नाहीत. मी पॉज करतो तर म्हणतात राहू दे, पाठ आहे. आणि त्या आवाजात स्वतःच पुढचं वाक्य म्हणतात.
ओरखड्याची डिस्क पुसूनही नाही चालली. तेच नाटक कोणाकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सरळमार्गी
बघा, आता मागायला लागले.

नवागत
सर्व प्रतिसाद वाचले नाहीत, पण माझीही हीच अडचण आहे. माझ्याकडे मॅक आहे आणि एनटीएफएस हार्डडिस्कवर काहीच कॉपी होत नाही. काय करू? उद्या दाबोळीहून विमान आहे.

कुळागर
ही अडचण तीच कशी, ते आधी सांगा.