पीई सिव्हिल पुन्हा देतोय, तयारी कशी बदलू?

मंडळी, अमेरिकेतली पीई (प्रोफेशनल इंजिनीअर) सिव्हिल स्ट्रक्चरल परीक्षा गेल्या वेळी हुकली. पुन्हा बसतोय, या वेळी लायसन्स हवंच आहे. परीक्षा घेणाऱ्या एनसीईईएस संस्थेच्या डायग्नोस्टिक रिपोर्टमध्ये (विषयवार निकालात) बांधकामावर येणारे भार मोजण्याचा भाग सगळ्यात कच्चा दिसतोय. माझ्या मते भूकंप आणि वाऱ्याच्या भारांमुळेच. ८० प्रश्न, ८ तास, स्वतःची पुस्तकं नेता येत नाहीत, हँडबुक आणि कोड (बांधकामाच्या नियमावल्या) स्क्रीनवरच शोधायचे. एएससीई ७ या भारांच्या कोडमधलं नेमकं कलम सापडेपर्यंतच वेळ जातो, पुढची आकडेमोड त्यामानाने सोपी असते.

दुसऱ्या खेपेला पास झालेल्यांनी कृपया सांगा, सगळा अभ्यासक्रम पहिल्यापासून करावा की कच्च्या भागावरच भर द्यावा? आणि स्क्रीनवर कोड शोधण्याचा सराव कसा केलात? नोकरी सांभाळून अभ्यास केलेल्यांचं वेळापत्रक कळलं तर फार आधार होईल.