एस्प्रेसो आणि फिल्टर, दोन्हीसाठी ग्राइंडर कोणता?

ए-३०४: मंडळी, कॉफीचा ग्राइंडर घ्यायचाय. सकाळी एस्प्रेसो, दुपारी पोरओव्हर, म्हणजे वरून पाणी ओतून गाळलेली फिल्टर कॉफी. मशीनची बास्केट, म्हणजे पूड भरायची जाळी, सिंगल वॉल आहे. एका ग्राइंडरवर ४० सेटिंग्ज लिहिल्यात, दुसऱ्यावर ६०. साठवालाच घ्यावा ना?

बी-५०१: त्या आकड्यावर जाऊ नका. एका क्लिकला, म्हणजे एका सेटिंगवरून पुढच्यावर जाताना, बर (बिया दळणारी दातेरी चकती) किती मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) सरकतो ते विचारा. एस्प्रेसोची पूड ढोबळमानाने २०० ते ४०० मायक्रॉन, पोरओव्हरची ६०० ते ९००. म्हणजे साठातल्या पन्नास सेटिंग्ज जाड दळणाच्या असल्या तर एस्प्रेसोच्या वाट्याला दहाच. बराट्झाच्या एन्कोर ईएसपीला ४०च आहेत, पण त्यातल्या पहिल्या २० एस्प्रेसोसाठी जवळजवळ ठेवल्यात आणि पुढच्या २० फिल्टरसाठी लांब. अशी वाटणी बघायची.

सी-१०२: पात्याचा ग्राइंडर घरात आहे, त्यावर नाही भागत?

बी-५०१: फ्रेंच प्रेसला कसंबसं. पातं बियांना फक्त तडाखे देतं, त्यामुळे एकाच घाण्यात पीठही निघतं आणि कण्याही. पिठातून कडूपणा उतरतो, कण्या आतून कोऱ्याच राहतात आणि कप आंबट लागतो. बरमध्ये जात्यासारखी ठरावीक फट असते, तेवढा बारीक झाल्याशिवाय कण बाहेर पडत नाही. एस्प्रेसोला ९ बारच्या आसपास दाबाचं पाणी येतं, ते जिथे पूड सैल असेल तिथून वाट काढतं. पात्याच्या पुडीत अशा वाटाच वाटा.

डी-७०३: एक राहिलं. बास्केटच्या तळाला एकच बारीक भोक असेल तर ती डबल वॉल. तिच्यात दाब भोकामुळे तयार होतो, पुडीमुळे नाही, म्हणून जाडसर दळण खपून जातं. ए-३०४ची सिंगल वॉल आहे, तिथे पुडीनेच पाणी अडवायचं असतं.

ए-३०४: मग क्लिक किती मायक्रॉनचा हवा?

डी-७०३: १५च्या आत. कमांडांटे सी४० या हाताच्या ग्राइंडरचा क्लिक सुमारे ३०चा आहे. फिल्टरला उत्तम, पण एस्प्रेसोला एका क्लिकवर शॉट (एका वेळची एस्प्रेसो) पळतो, म्हणजे फार लवकर उतरतो, आणि पुढच्यावर तुंबतो, हवा तो मधे कुठेतरी. म्हणूनच त्याला रेड क्लिक्स नावाचा वेगळा दांडा मिळतो, त्याने क्लिक निम्मा होतो. आणि हा आकडा बर उभा किती सरकतो त्याचा असतो. कोनिकल, म्हणजे शंकूच्या आकाराच्या बरमध्ये प्रत्यक्ष फट त्याहून कमी बदलते, त्यामुळे फ्लॅट (सपाट) आणि कोनिकलचे आकडे एकमेकांशी लावू नका.

ई-२०१: एवढी भानगड कशाला, सरळ स्टेपलेस घ्या, क्लिकच नसलेला.

डी-७०३: ताई, फक्त एस्प्रेसो असता तर मीही तेच म्हटलं असतं. यांना रोज इकडून तिकडे जायचंय. स्टेपलेसची कॉलर (सेटिंगची कडी) फिल्टरसाठी फिरवली की सकाळची जागा नेमकी परत सापडत नाही. खुणेवर आणली तरी केसभर चुकते आणि शॉट पाच-सात सेकंदांनी हलतो. बारीक क्लिक आणि ठळक आकडे असलेला यांना जास्त सोयीचा.

बी-५०१: त्याहून मोठी कटकट आत अडकलेल्या पुडीची. हॉपरवाल्या, म्हणजे वर बियांची टाकी असलेल्या ग्राइंडरच्या नळीत दोन-चार ग्रॅम सहज राहते. दुपारची जाड पूड सकाळच्या बारीक पुडीत मिसळली की पहिला शॉट वाया. सेटिंग बदलली की ३-४ ग्रॅम दळून फेकायचे. एका वेळेपुरत्याच बिया मोजून टाकायच्या सिंगल डोस ग्राइंडरमध्ये हे नुकसान बरंच कमी. हॉपरवाल्यात मोजून १८ ग्रॅमच टाकले तर वरून वजन नसल्याने शेवटच्या बिया उडत राहतात आणि दळण असमान होतं.

ए-३०४: म्हणजे एकच घेऊ नये?

बी-५०१: माझं मत विचाराल तर एस्प्रेसोला इलेक्ट्रिक घ्या आणि त्याची सेटिंग हलवूच नका. फिल्टरसाठी साधा हाताचा ठेवा, १५ ग्रॅम जाड दळायला मिनिटही लागत नाही.

डी-७०३: उलटही चालेल. चांगल्या हाताच्या ग्राइंडरमध्ये मोटरचा खर्च नसतो, तो बर आणि बेअरिंगमध्ये जातो. फक्त लाइट रोस्टच्या, म्हणजे कमी भाजलेल्या बिया टणक असतात, एस्प्रेसोएवढं बारीक १८ ग्रॅम दळताना मनगट बोलतं. घेण्याआधी दांडा धरून हलवा. लटपटत असेल तर सोडून द्या, दळण कधीच एकसारखं होणार नाही.

सी-१०२: आणल्यावर सुरुवात कुठून करायची?

डी-७०३: शून्यापासून. हाताचा असेल तर बिया न घालता बर एकमेकांना टेकेपर्यंत हळूच आवळा. दांडा अडला ते शून्य, तिथून क्लिक मोजत उलटे या. इलेक्ट्रिकमध्ये बारीककडे जाताना मोटर चालू ठेवा. बंद असताना बरमध्ये अडकलेले तुकडे चेंगरतात आणि पुढे मोटर अडते.

मग १८ ग्रॅम पूड, कपात ३६ ग्रॅम, २५ ते ३० सेकंद. पळाला तर बारीक, तुंबला तर जाड. डोस तोच ठेवायचा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पाकीट जुनं होत गेलं की तीच सेटिंग पळायला लागते, तेव्हा एखादा क्लिक बारीक. फिल्टरला १५ ग्रॅमवर २४० ग्रॅम पाणी, तीन मिनिटांच्या आसपास उतरलं की ठीक.

ई-२०१: बारीक करूनही शॉट आंबटच आला तर?

बी-५०१: तळाकडे बघा. धार एका बाजूला फुटतेय, पिचकाऱ्या उडतायत, तर ते चॅनेलिंग. अति बारीक पुडीच्या गुठळ्या होतात आणि पाणी त्यांच्या कडेने पळतं. आणखी बारीक केलं की आणखी बिघडतं. एक-दोन क्लिक जाड करा आणि टॅम्प करण्याआधी (पूड दाबून बसवण्याआधी) ०.३ ते ०.४ मिमीच्या सुयांनी पूड तळापर्यंत ढवळा.

पूड भांड्याला चिकटत असेल तर दळण्याआधी मोजलेल्या बियांना पाण्याचा एखादा थेंब चोळा. २०२३ मध्ये ओरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजून दाखवलंय की ओलावा असला की दळताना स्थिर वीज कमी तयार होते. हे मोजून घेतलेल्या बियांनाच, भरलेल्या हॉपरमध्ये पाणी नको.

ॲडमिन: पार्किंगचा मेसेज पार वर गेला हो! पिन करतोय. चालू द्या तुमचं.

सी-१०२: साफ करायला तांदूळ दळतात म्हणे?

डी-७०३: नको. कच्चा तांदूळ कॉफीपेक्षा कडक, छोटी मोटर अडू शकते, शिवाय पीठ आत बसतं ते वेगळंच. प्लग काढा, वरचा बर उचला, कोरड्या ब्रशने झाडा, आट्यांमधली पूड टूथपिकने काढा. तेलकट डार्क रोस्ट असेल तर दर आठवड्याला. स्टीलच्या बरला पाणी लावायचं नाही, गंजतो. बसवताना बर खाचेत पूर्ण बसला का ते बघा. तिरका बसला तर सेटिंग तीच असूनही पूड जाड येते आणि माणूस उगाच बियांना दोष देतो.

ए-३०४: हाताचा आधी घेतो, फिल्टरसाठी. एस्प्रेसोवाल्याचे दोन पर्याय क्लिकच्या मायक्रॉनसकट इथेच टाकतो.

बी-५०१: टाका. सुटे बर मिळतात का तेही त्यांना विचारून ठेवा. झिजले की दर महिन्याला आणखी बारीककडे सरकावं लागतं आणि शेवटी पुढे क्लिकच उरत नाही.