जावयाने मला दोन इरकली, साबण अन् मीठ आणलंय. घेऊ की नको? (इग्बो जावई, नातीचं बारसं)

नातीची_आजी, जुळे सोलापूर

नमस्कार मंडळी. नायजेरियातल्या इग्बो लोकांच्या रीतीभाती कुणाला माहीत असतील तर कृपा करून लवकर सांगा. शनिवारी बारसं आहे.

माझी लेक पुण्यात नोकरीला आहे. कॉलेजात बरोबर शिकलेल्या इग्बो मुलाशी तिचं लग्न झालं. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली आणि गेल्या आठवड्यात मंगळवारी नात झाली. दोघी सुखरूप आहेत.

विहीणबाई गावाकडून रोज व्हिडिओ कॉल करतात. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "बाळ कुठल्या बाजाराच्या दिवशी झालं?" मला वाटलं खरेदीचं विचारतायत. मी म्हटलं, आमच्याकडे मंगळवारी मोठा बाजार भरतो, त्याच दिवशी झाली. त्यावर त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि खूश झाल्या. नंतर दोनदा बजावलं की नाळ पडली की टाकू नका. आणि बारशाला कोला नावाचं फळ पाहिजे म्हणाल्या. ते सोलापुरात कुठं मिळणार?

पण खरा प्रश्न वेगळाच आहे. काल जावई नवी पेठेत जाऊन माझ्यासाठी दोन इरकली घेऊन आले. बरोबर अंगाच्या साबणाच्या वड्या, धुण्याचा साबण, मिठाचे पुडे, तेलाचा डबा. मी म्हटलं, "अहो, हे उलटं झालं. आम्ही तुम्हाला द्यायचं." माझ्या आईनं जन्मभर लेकीच्या सासरी दिलंच, जावयाच्या हातचं कापड कधी अंगाला लावलं नाही. मी हात जोडून परत केलं. तेव्हापासून ते गप्प आहेत. जेवायला बसतात, पण नीट बोलत नाहीत. लेक म्हणते, "आई, तू काय केलंस ते तुला कळलं नाही." मला खरंच कळलं नाही. रात्रभर झोप नाही मला.

पेठेतला_दुकानदार

ताई, कोला नाही मिळालं तर सुपारी ठेवा की. विड्याचं पान, सुपारी, वर रुपया. देवाला भाव पाहिजे.

आबाच्या_काकू

ताई, आधी उठा आणि ती इरकली मागून घ्या. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

माझे मिस्टर इथल्या गिरणीत होते. 1984 साली ते पूर्व नायजेरियात आबा शहरातल्या एका कापड गिरणीत वीव्हिंग मास्टर म्हणून गेले, आम्ही पाच वर्षं राहिलो. आसपास सगळी इग्बो घरं. भिंतीपलीकडच्या घरात तीन बाळंतपणं मी डोळ्यांनी बघितली. गावागावांत थोडा फरक असतो, पण मोठी गोष्ट सगळीकडे तीच.

त्यांच्यात बाळंतिणीचं करायला तिची आई येते. त्याला ओमुग्वो म्हणतात. आपल्याकडे लेक माहेरी येते, तिथं आई लेकीच्या घरी जाऊन महिना, दोन महिने, कधी तीन महिने राहते. बाळाला न्हाऊ घालायचं, मालिश करायची, बाळंतिणीचं पोट गरम पाण्याच्या फडक्यानं शेकायचं. जेवायला तिखटजाळ रस्सा: वाळवलेला मासा, मिरची, उझिझा, आणि उदा नावाची काळी शेंग ठेचून घातलेली. शेजारच्या आजी पहाटे ती शेंग निखाऱ्यावर धरायच्या, वास आमच्या स्वयंपाकघरात यायचा. मी त्यांना डिंकाचा लाडू दिला होता. त्यांनी तोडून वास घेतला, ओठांवर जीभ फिरवली आणि मान हलवली, म्हणजे हेही त्याच कामाचं.

आणि ओमुग्वो संपवून ती आई परत निघाली की जावई तिला रिकाम्या हातानं पाठवत नाही. नेसायची कापडं, साबण, मीठ, तेल, वाळका मासा, पैसे. हे सगळं घेऊन ती गावात उतरली की बायकांना कळतं, हिच्या लेकीला नातवंड झालंय आणि जावयानं हिच्या कष्टांचा मान ठेवलाय. साबण-मीठ ती शेजारणींत वाटते. शेजारच्या आजी निघाल्या तेव्हा कापडाची घडी डोक्यावर घेऊन त्या अख्ख्या गल्लीत उभ्या राहिल्या होत्या. रडत होत्या आणि हसत होत्या.

आता तुम्ही बघा. तुमचं घर सोडून तुम्हाला कुठं जायचं नाही, तरी त्या मुलानं एकट्यानं नवी पेठ फिरून यादीतली एकेक वस्तू गोळा केली. ते मीठ स्वस्त म्हणून आणलेलं नाही. तुम्ही परत केलंत त्याचा अर्थ त्याच्या लेखी असा झाला असेल, की तुम्ही त्याच्या लेकराची आजी म्हणून त्याच्या हातून मान घेत नाही. तुमच्या मनात तसं काही नव्हतं हे मला माहीत आहे. त्याला ते सांगा.

बाजाराच्या दिवसाचं. त्यांचा जुना आठवडा चार दिवसांचा: एके, ओरिए, आफो, न्क्वो. चारही बाजारांची नावं. पूर्वी दिवसावरून नाव पडायचं. एकेला झालेला मुलगा ओकेके, ओरिएचा ओकोरिए, आफोचा ओकाफोर, न्क्वोचा ओकोंक्वो. मुली म्बेके, म्बाफोर. आज ही बरीचशी आडनावं झालीत. बाराव्या दिवशी तुम्ही बारसं करताय ते उत्तम, कारण चारचे तीन आठवडे बरोबर बारा होतात. काही गावांत आठव्या दिवशी करतात, काहींत अठ्ठाविसाव्या.

कोलाचं. दुकानदारभाऊ, राग मानू नका, पण सुपारी नको. कोलाला ते ओजी म्हणतात, आणि त्यांची म्हण आहे की जो कोला आणतो तो जीवन आणतो. घरातला ज्येष्ठ पुरुष तो हातात धरून पूर्वजांना आणि देवाला बोलावतो, मग फोडतो. चार पाकळ्या निघाल्या की चार बाजारदिवस, शुभ. आणि तो आशीर्वाद इग्बोतच व्हावा लागतो. त्यांच्यात म्हणतात, कोलाला इंग्रजी कळत नाही. जावयांनाच विचारा. पुण्या-मुंबईत त्यांची माणसं आहेत, कुणाच्या तरी घरी एखादं फळ निघेल. नाहीच मिळालं तर विहीणबाईंना सांगा, त्यांच्या घरी फोडतील, तुम्ही फोनवर बघा. आपल्या मनानं बदली वस्तू ठेवू नका एवढंच.

नाव आत्या ठेवत नाही, घरातला मोठा माणूस सांगतो. बाळ त्याच्या मांडीवर देतात, तो नाव उच्चारतो, सगळे मोठ्यानं म्हणतात. एकाच बाळाला आजोबांचं एक, आजीचं एक, आईचं एक अशी चार-पाच नावं असतात. तुमच्या पसंतीचं मराठी नाव त्यात बसतं. आणि नाळेबद्दल पुढं कुणीतरी लिहा, माझे डोळे दुखायला लागले.

सिस्टर_दिदी

मी प्रसूती विभागात बरीच वर्षं काम केलंय. काकूंनी लिहिलं त्यात एकच घालते. सिझर झालं असेल तर पोटावर गरम फडक्याचा शेक आणि दाबून मालिश अजिबात नको, दोन्हीकडच्या आज्यांना सांगा. नाळेच्या देठाला हळद, राख, तेल काही लावू नका, कोरडी ठेवा. साधारण एक-दोन आठवड्यांत आपोआप गळते, ओढू नका. पडल्यावर स्वच्छ कागदात गुंडाळून ठेवली की वाळते. ठेवायला काहीच हरकत नाही.

निवृत्त_गुरुजी, अक्कलकोट रोड

नाळेचं मी सांगतो. इग्बो घरांत ती वडिलांच्या गावी, बऱ्याचदा नारळाच्या किंवा पामच्या झाडाखाली पुरतात, आणि ते झाड त्या मुलाचं होतं. आपण म्हणतो ना, "माझी नाळ इथंच पुरलीय." आपल्याकडे ते बोलण्यात उरलं, त्यांच्याकडे अजून झाड उभं आहे.

नावांचा मला नाद आहे म्हणून थोडं. न्नामदी म्हणजे माझे वडील जिवंत आहेत. नायजेरियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष न्नामदी अझिकिवे. न्गोझी म्हणजे आशीर्वाद; 2021 पासून जागतिक व्यापार संघटना सांभाळणाऱ्या ओकोंजो-इवेआला यांचं हेच नाव. न्नेका म्हणजे आई सगळ्यात मोठी. न्नेन्ना म्हणजे वडिलांची आई. गेलेली आजी परत आली असं वाटलं की मुलीला देतात. आपल्याकडे नाही का, "आजीच पोटी आली" म्हणतात?

आणि ज्या घरात मुलं जगत नसत तिथं ओन्वुबिको, म्हणजे "मरणा, विनवतो तुला". ओझोएमेना, म्हणजे "पुन्हा असं न होवो". माझ्या थोरल्या चुलत्यांचं नाव धोंडू होतं. त्यांच्या आधीची तीन गेली होती. आमच्या आजीनं दगडाचं नाव दिलं, म्हणजे मरण त्याच्याकडे बघणार नाही. तिला इग्बो हा शब्द ठाऊक नव्हता.

नातीची_आजी, जुळे सोलापूर

सगळ्यांना मनापासून नमस्कार. काकू, तुमचं वाचून मी तशीच उठले. जावई गच्चीवर होते. मी म्हटलं, "माझी साडी कुठं ठेवलीत?" ते आधी बघतच राहिले. मग खाली जाऊन सगळं पुन्हा आणलं आणि दोन्ही हातांनी दिलं. मी मीठ शेजारच्या चार घरांत वाटलं. प्रत्येकीला सांगितलं, जावयानं दिलंय.

बारसं झालं. पुण्याहून त्यांचा मित्र रात्रीच्या गाडीनं एक कोला घेऊन आला, रुमालात गुंडाळून. व्याही नाहीत, म्हणून थोरल्या काकांनी गावाहून फोनवर आशीर्वाद दिला, लांबलचक, आणि मित्रानं इथं फोडला. चार निघाल्या. कडू लागतो, पण मी माझा तुकडा संपवला. काकांनी नाव घेतलं, न्नेन्ना. फोनच्या त्या बाजूनं विहीणबाईंच्या सासूचा जुना फोटो कुणीतरी कॅमेऱ्यासमोर धरला. मग आमच्या नणंदेनं पाळण्यात कानात सांगितलं, गार्गी. घुगऱ्या वाटल्या. मी इरकल नेसले होते.

नाळ काल पडली. माझ्या आईच्या कुंकवाच्या करंड्यात ठेवलीय. नाताळात जावई गावी जातील तेव्हा घेऊन जातील.