आजोबांची आठ बोअरची दुनळी: खंडेनवमीला एक बार काढावा का?

येरळाकाठचा (वडूज):
नमस्कार मंडळी. आजोबा गेल्यापासून त्यांची बंदूक साताऱ्यात विक्रेत्याकडे जमा होती. वारसाचा परवाना माझ्या नावावर झाला आणि मागच्या आठवड्यात ती घरी आणली. दुनळी, बाहेर दोन घोडे, नळ्यांवर तपकिरी लाटालाटांची नक्षी. घरच्या काट्यावर पावणेसहा किलो भरली. परवान्यावर ८ बोअर लिहिलंय. बारा बोअरचं रिकामं काडतूस घातलं तर ते आत घरंगळत जातं.

आजोबा सांगायचे, थंडीत येरळवाडीकडे पट्टकादंब (रानहंस) उतरायचे आणि पहाटे धुक्यात या बंदुकीचा आवाज पार शिवारभर घुमायचा. १९७२ ला वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि त्यांनी ती पेटीत ठेवली. पुन्हा कधीच बार काढला नाही. दर खंडेनवमीला मात्र तेलपाणी करून पूजेत मांडायचे.

यंदा पूजा माझ्या हातून होणार. त्यांच्या नावानं माळावर एकच बार काढावा असं फार मनात आहे. भावकीतले एक काका म्हणतात, बाराचं काडतूस कापड गुंडाळून घट्ट बसव, काही होत नाही. नळ्यांच्या खालच्या अंगाला एकमेकांवर तिरके दोन दंड, वर मुकुट आणि इंग्रजीत ‘नॉट फॉर बॉल’ असं कोरलंय. कुणी जाणकार आहे का?

जुनी नळी (सांगली):
दादा, आधी काकांना सांगा, कापड गुंडाळायचं नाव काढू नका. काडतुसाला चेंबरच्या, म्हणजे नळीत ते बसतं त्या जागेच्या, भिंतीचा आधार नसेल तर बूड फाटतं आणि तप्त वायू मागे तोंडावर येतो.

तुम्ही जे कोरलेलं वाचलंत तो तुमच्या बंदुकीचा जन्मदाखला आहे. मुकुटाखालचे तिरके राजदंड म्हणजे बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचा शिक्का, १९०४ च्या आधीचा. ‘नॉट फॉर बॉल’ हे शब्द १८७५ ते १८८७ या काळातच मारले जायचे. नळीचं तोंड आतून आवळलेलं आहे, चोक आहे, म्हणून एकसंध गोळी घालू नका, छर्रेच घाला, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे ही नळी काळ्या दारूच्या जमान्यातली. नंतर पुन्हा चाचणी होऊन ‘नायट्रो’चा शिक्का पडला असेल तरच आजच्या बिनधुराच्या दारूचा विचार. तो दिसत नसेल तर विषय संपला.

नक्षी दिसते ती दमास्कस. लोखंडाच्या आणि पोलादाच्या कांबी पिळून, गजाभोवती गुंडाळून, तापवून ठोकून एक केलेल्या. त्या हजारो सांध्यांत आत कुठे गंज धरलाय हे बाहेरून कळत नाही. कृपा करून त्यावर पॉलिशपेपर फिरवू नका. मी पाहिलंय लोकांना नळी चकचकीत करताना, पोटात तुटतं.

बोअरचा आकडा म्हणजे नळीत बसेल अशा शिशाच्या किती गोळ्या एका पौंडात होतात, तो. बाराला नळी साडेअठरा मिलिमीटरची, आठाला एकवीसच्या वर. बारामधून बत्तीस ग्रॅम छर्रा जायचा तिथे या आठातून दोन औंस, म्हणजे जवळजवळ सत्तावन्न ग्रॅम. पाण्यावरून उंच जाणाऱ्या हंसांसाठी ही हत्यारं इंग्लंडच्या दलदलींत वाढली. वजन त्या धक्क्यासाठीच आहे. हलकी असती तर खांदा राहिला नसता.

एक सांगतो आणि मनापासून सांगतो. तीसेक वर्षांपूर्वी माझ्या मित्राची जुनी बारा बोअर होती, दमास्कसचीच. चेंबर ६५ मिलिमीटरचं आणि घातलं आजचं ७० चं काडतूस. बसतं ते, झाकण पण लागतं. उडाल्यावर त्याचं तोंड उलगडायला जागा राहत नाही, दाब चढतो. नळी डाव्या हाताच्या वरच फाटली. दोन बोटं गेली. तबला वाजवायचा तो. मिरजेला दवाखान्यात नेताना रस्ताभर मी त्याचा हात रुमालात धरून बसलो होतो. तेव्हापासून चेंबर मोजल्याशिवाय मी कुणाला बार काढू देत नाही.

तुम्ही एवढं करा. नळ्या दस्त्यापासून सोडवा, दोरीला टांगा, लाकडाच्या काठीनं हलकं टिचका. घंटेसारखा लांब नाद आला तर दोन नळ्या जोडणारी मधली पट्टी घट्ट आहे. आणि मोकळा घोडा पाडू नका, आतली पिन तुटते.

वकीलभाऊ (सातारा):
कायद्याचं थोडक्यात. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं आनंदानिमित्त गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीनं एका माणसाला दोनच हत्यारं, वारसानं आलेलं धरून. घरात आणखी परवाने असतील तर बघून घ्या. बंदूक शंभर वर्षांहून जुनी, म्हणून परवाना लागत नाही असं कुणी सांगेल. ती सूट दुरुस्त करूनही न चालणाऱ्या हत्याराला आहे. आणि मायणी-येरळवाडीच्या पाण्याकडे बंदूक घेऊन फिरकूसुद्धा नका.

येरळाकाठचा (वडूज):
वकीलभाऊ, आभार. घरात दुसरं हत्यार नाही.

जुनी नळी आबा, तुम्ही सांगितलेलं काल रात्री सगळं केलं. नायट्रोचा शिक्का कुठेच नाही. चेंबर सव्वातीन इंच. पेटीच्या तळाशी आजोबांचं एक रिकामं पितळी काडतूस सापडलं, त्याला अजून काळ्या दारूचा वास येतो असं आईला वाटलं. नळ्या टांगून टिचकल्या. नाद नाही आला. तडा गेलेल्या मडक्यासारखा बद्द आवाज, आणि शेवटी भुंगा अडकल्यासारखी भुणभुण.

जुनी नळी (सांगली):
मग पट्टी सुटलीय. त्या फटीत पाणी बसतं आणि नळी आतून खात जाते. बार काढायचा नाही, दारू कोणतीही असो. झाळणाऱ्याकडे नेऊ नका, जादा आचेनं दमास्कस बिघडतो. पट्टीच्या कडेनं पातळ तेल सोडा, दोन दिवस उबेत ठेवा. ठेवताना तोंड खाली, दस्ता वर. नाहीतर तेल उतरून लाकूड कुजतं. ते पितळी काडतूस घासू नका. पूजेत बंदुकीशेजारी ठेवा, आईला वास येतोय तोवर.