अनुभव धागा : कोमट पाण्यात पाय सोडून बसणं. तुम्ही पाण्यात काय घालता?

धागा सुरू करतेय, पुण्याहून.

मागच्या आठवड्यात टाचेची भेग इतकी खोल गेली की चादरीचा दोरा त्यात अडकून झोपमोड झाली. मी शिक्षिका आहे. दिवसाचे पाच तास फरशीवर उभी, पायात मागून उघड्या चपला. आई असती तर तिने घंगाळ पुढे ओढून पाय सोडायला लावले असते. तिची रीत मला तोंडपाठ आहे. घोटे बुडतील एवढं कोमट पाणी, साधारण चार लिटर, त्यात पोह्याच्या चमच्याने चार चमचे जाडं मीठ. दहा-पंधरा मिनिटं बसायचं. मग वजरीने हलक्या हाताने घासायचं, रक्त निघेपर्यंत नाही. पाय जुन्या मऊ पंचाने टिपायचे आणि अंगात ओल आहे तोवरच खोबरेल चोळायचं.

मी कित्येक वर्षं यातलं पहिलं अर्धंच करत आले. पाय बुडवायचे, पुसायचे, कामाला लागायचं. अर्ध्या तासात टाच आधीपेक्षा ताणलेली लागायची आणि मी म्हणायचे, मीठ कमी पडलं. आता कळतंय की पाण्याने कातडी मऊ होते, पण ती तशीच उघडी राहिली तर पाणी उडून जातं आणि जाताना होतं तेवढं तेलही कमी करून जातं. आईचं खरं औषध शेवटच्या पंचात आणि खोबरेलात होतं. गेले आठ दिवस पूर्ण रीत पाळतेय, रात्री सुती मोजे घालून झोपते. भेगेच्या कडा बसायला लागल्या आहेत.

तुमचे अनुभव लिहा. प्रमाणासकट लिहा, 'थोडंसं' नको. काय चुकलं तेही लिहा.

*

सावंतवाडीजवळून

आमच्याकडे प्रश्न उलटा. लावणीच्या दिवसांत पाय सकाळी सातपासून दुपारपर्यंत चिखलात. बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडते, सोलते, खाज आणि आग. चिखल्या. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी माहेरच्या सवयीने रोज संध्याकाळी अर्धा-अर्धा तास मिठाच्या पाण्यात पाय घालून बसायची. चौथ्या दिवशी चप्पल घालवेना. सासूबाई म्हणाल्या, "अगो, दिवसभर पाण्यात असलेल्या पायांक परत पाणी कित्याक?"

त्यांनी सांगितलं ते असं: कोमट पाण्याने, साबणाने पाय धुवायचे आणि लगेच बाहेर. जुन्या सुती लुगड्याची पट्टी प्रत्येक बेचक्यातून ओढून कोरडं करायचं. चुलीसमोर पाय करून पाच मिनिटं बसायचं. टाचेला मुठेल, पण बेचक्यात काहीही थापायचं नाही. त्याने माझे पाय सुधारले. तरी दोन वर्षांनी बुरशी झालीच, तेव्हा डॉक्टरांच्या पावडरीशिवाय गेली नाही.

मुठेल ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: रातांब्याच्या बिया वाळवून कुटतात, पाण्यात उकळतात, वर आलेलं तेल काढून थिजायला लागलं की मुठीत वळून गोळे करतात. पांढरट, मेणासारखा गोळा. भेगेत भरायला याच्यासारखं दुसरं काही मी पाहिलं नाही.

आणखी एक. पायाला चीर असताना शेतात उतरलात आणि नंतर ताप, अंगदुखी, पोटऱ्या दुखणं सुरू झालं, तर पाय शेकत घरी बसू नका. आमच्या जिल्ह्याला लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुतातून पाण्या-चिखलात पसरणारा ताप, नवीन नाही. त्याच दिवशी दवाखाना.

*

नाशिकहून, हे लिहायला जड जातंय

बाबांना अठरा वर्षं मधुमेह. एका रविवारी म्हणाले, पाय बधिर वाटतात, जड झालेत. मीच टब काढला. गीझरचं पाणी घेतलं, ते कमी गरम वाटलं म्हणून गॅसवरचं अर्धं पातेलं वर ओतलं, सैंधव घातलं. पाण्यात स्वतःचा हात घालून पाहिला नाही. बाबांनी पाय सोडले आणि म्हणाले, "छान वाटतंय गं." वीस मिनिटं पेपर वाचत बसले.

रात्री उजव्या अंगठ्याच्या मागे लिंबाएवढा फोड दिसला. मी रडायला लागले आणि बाबा मलाच समजावत होते, "अगं, दुखत नाहीये." ते दुखत नव्हतं हेच सगळ्यात वाईट होतं. जखम भरायला अकरा आठवडे लागले.

डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्याला टेकवला. टेकला की 'हो' म्हणायचं होतं. तीन ठिकाणी टेकवून झाला, तंतू वाकलेला मला दिसत होता, आणि बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "करा ना सुरू." तो क्षण मी विसरू शकत नाही. त्याआधी जिथे वर्षानुवर्षं साखर तपासायला जायचो, तिथे एकदाही कुणी बूट काढा म्हटलं नव्हतं.

म्हणून हात जोडून सांगते. घरात मधुमेह असेल, पायाची जाणीव कमी असेल किंवा पायाला रक्तपुरवठा कमी आहे असं सांगितलं असेल, तर टब काढू नका. आम्ही आता फक्त पाय धुतो. बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतो तसं आधी मी कोपर बुडवून बघते. दोन-तीन मिनिटांत धुऊन, बेचक्या टिपून, तळव्याला आणि टाचेला मलम. बेचक्यात नाही. मग फरशीवर आरसा ठेवतो आणि बाबा त्यात स्वतःचे तळवे बघतात. कुरूप कापणं, वजरी, सगळं बंद.

*

पुण्याहून, धागा सुरू करणारी

नाशिकच्या ताई, हे लिहिलंत, फार उपकार झाले. माझ्या सासऱ्यांनाही मधुमेह आहे आणि याच आठवड्यात मी त्यांच्यासाठी टब काढणार होते.

*

बार्शीहून

मी माउलींच्या पालखीबरोबर आळंदीपासून सहा वेळा चाललोय. पुणे ते सासवड हा सगळ्यात लांब टप्पा, त्यात दिवे घाट. पहिल्या वर्षी सासवडला पोचलो तर एका घरातल्या माउलीने अंगणात घमेली मांडून ठेवली होती, कढत पाणी, मीठ. कुणाचा कोण, पण पाय धुवायला खाली बसली. मी संकोचून पाय मागे घेतला, तर तिने हाताने धरून पाण्यात ठेवला.

सुख इतकं वाटलं की पाऊण तास उठलोच नाही. सासवडचा मुक्काम आटोपून निघालो तर जेजुरीच्या वाटेवर दोन्ही तळव्यांना फोड. कातडी भिजून मऊ झाली की चालताना घासून लगेच सुटते. तेव्हापासून वाटचालीत दहा मिनिटांवर एक मिनिट नाही, पाणी कोमटच, आणि पहाटे निघताना बोटांना, टाचेला व्हॅसलिन. जुनी मंडळी फोडातून सुईदोरा ओवतात. मीही एकदा ओवला आणि पू झाला. आता फोड फोडत नाही, वाटेवरच्या आरोग्य पथकात जाऊन पट्टी करून घेतो. कढत पाण्यात निवांत बसणं पंढरपूरला, दर्शन झाल्यावर.

*

मुंबई, पोलीस खात्यातून

विसर्जनाच्या बंदोबस्तात चोवीस तासांहून जास्त बूट पायात असतात. वास घरभर. माझा उपाय चहाचा. दोन मोठे चमचे चहा पावडर अर्धा लिटर पाण्यात पंधरा मिनिटं उकळायची, दूध-साखर अर्थातच नाही, गाळून दोन लिटर साध्या पाण्यात मिसळायची. वीस मिनिटं पाय. चहाच्या तुरटपणाने घाम कमी येतो. सलग आठवडाभर केलं तर फरक. व्हिनेगरही चालतं, एक वाटीला दोन वाट्या पाणी, पण पायाला भेग असेल तर जीव जाईल एवढं झोंबतं. बूट एक दिवसाआड बदलले नाहीत तर कशाचाच उपयोग नाही.

*

न्यू जर्सीहून

इथे हिवाळ्यात घरातल्या हीटिंगने टाचा फुटतात. सगळे एप्सम सॉल्ट सांगतात, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, इंग्लंडमधल्या एप्सम गावाच्या झऱ्यावरून नाव पडलं. मी एकदा दोन टब मांडले. उजवा पाय एप्समच्या पाण्यात, डावा नुसत्या कोमट पाण्यात, दोन आठवडे. थकवा दोन्हींचा सारखाच उतरला, मला तरी फरक सांगता आला नाही. टाच भरली ती नंतर लावलेल्या युरियाच्या मलमाने. आता मिठाचे पैसे वाचवते.

*

कोल्हापूरहून

पाय भिजवून टिपून झाले की काशाची वाटी आणि तूप. आजी माझे तळवे मांडीवर घेऊन घासायची, वाटीखाली तूप काळं होत जायचं आणि मी मध्येच झोपून जायचे. आता मी तिचे घासते. तिच्या टाचेला अजून एक भेग नाही.

*

पुण्याहून

सावंतवाडीकर, तुमचं वाचून मुठेल आणलं. पण ते दगडासारखं आहे. टाचेवर घासलं तर चुरा पडतोय. काय करू?

*

सावंतवाडीजवळून

ताई, घासायचं नाही, वितळवायचं. सुरीने बोराएवढा तुकडा काढून स्टीलच्या वाटीत ठेवा आणि पाय सोडण्याआधी ती वाटी कढत पाण्याच्या पातेल्यात तरंगत ठेवा. तुमचे पाय भिजून होईपर्यंत तेल होतं. पाय टिपा, बोटाला सोसेल एवढं कोमट झालं की भेगेत सोडा. थिजून पांढरं दिसायला लागलं की मोजे. चादरीला लागलं तर डाग जात नाही, जुनी चादर घ्या.