निसेको (जपान) सहल: शनिवारच्या जेवणातली दाशी, म्हणजे जपानी स्टॉक (तातडीचं)

सहल समिती
मंडळी, हॉटेलचा व्हेज मेन्यू आला: एदामामे (कोवळं सोयाबीन) हमस, पांढऱ्या मिसोचा (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) रिसोटो (इटालियन मऊ भात), सूप करी (पातळ रश्शाची होक्काइदोची करी), युझूचा (जपानी लिंबू) पन्ना कोत्ता (क्रीमचं गोड). शाकाहारी २२, त्यांतले ४ जैन. बुधवारी होकार कळवायचाय.

भोजन समिती (गेल्या वर्षीची)
होकार देऊ नका! हमस सोडलं तर यातलं काहीच शाकाहारी धरता येत नाही. सूप करीचा रस्सा सहसा कोंबडीच्या आणि डुकराच्या हाडांचा असतो. वरच्या भाज्या पाहून फसायला होतं. रिसोटोत चिकन स्टॉक पडतो, शिवाय त्यातलं पार्मेजानो रेज्जानो चीज वासराच्या रेनेटशिवाय (जठरातला, दूध गोठवणारा अर्क) होतच नाही. मिसोसुद्धा 'दाशी-इरी' (दाशी घातलेलं) निघालं तर त्यात मासळी आली. पन्ना कोत्तात जिलेटिन, तेही प्राण्यांचंच.
'बेजितारिआन' (व्हेजिटेरियन) एवढंच लिहिलं तर शेफ मांसाचे तुकडे तेवढे काढेल. 'शोजिन दाशी' (बौद्ध मठांतल्या शाकाहारी पद्धतीची दाशी) हा शब्द लिहा, तो त्यांना नेमका कळतो. खाली जोडा: 'कात्सुओदाशी, तोरिगारा, झेराचिन नुकी दे ओनेगाई शिमासु' (मासळीची दाशी, कोंबडीची हाडं, जिलेटिन न घालता द्यावं ही विनंती).
प्रमाण: १ लिटर पाण्याला १० ग्रॅम कोम्बू (सुकं समुद्री शेवाळ), १० ग्रॅम सुके शिइताके (मशरूम), रात्रभर फ्रीजमध्ये. २२ जणांना ३०० मिली धरून ७ लिटर, म्हणजे दोन्ही ७०-७० ग्रॅम. तापवताना उकळी फुटायच्या आत कोम्बू काढायचा, नाहीतर दाशी बुळबुळीत होते.

सहल समिती
ताई, आभार. पण हॉटेलशी बोलणं यंदा आमच्याकडेच राहू द्या, दोन ठिकाणांहून मेल गेले की गोंधळ होतो.

एक सभासद
जैन मंडळींना शिइताके चालत नाहीत. चौघांची दाशी नुसत्या कोम्बूची, करीचा मसाला कांदा-लसूण-आलं न घालता टोमॅटोत वेगळा परतलेला, आणि बटाटा-गाजराऐवजी काबोचा (जपानी भोपळा), ब्रोकोली, पिमान (ढोबळी मिरची). शोजिन म्हटल्यावर कांदा-लसूण जातो, कंदमुळं जात नाहीत. हे वेगळं लिहावंच लागेल.

काकू
भाताचं कुणी बोललंच नाही. मुलांना रस्सा-भात कालवून लागतो. युमेपिरिका तांदूळ फार चिकट, त्याचा गोळाच होतो. होक्काइदोचाच नानात्सुबोशी त्यापेक्षा मोकळा होतो, तो मागा. मेतकूट मी आणते.

खजिनदार
काकू, डायनिंग हॉलमध्ये बाहेरचं खाणं चालत नाही, करारात आहे. मेतकूट खोलीत ठेवा.

काकू
मेतकूट म्हणजे खाणं नव्हे, तोंडीलावणं. हॉटेलला विचारून तर बघा.

भोजन समिती (गेल्या वर्षीची)
हॉटेलशी तुम्हीच बोला, फक्त पन्ना कोत्ताचं नीट सांगा. जिलेटिनऐवजी कान्तेन (शेवाळापासूनचं अगर-अगर): अर्ध्या लिटरला २ ग्रॅम पावडर. ४ ग्रॅमने वडीसारखं घट्ट होतं. पाण्यात २ मिनिटं उकळायलाच हवं, नुसतं गरम करून विरघळत नाही. क्रीम कोमट करूनच मिसळा. थंड घातलं की कान्तेन तिथल्या तिथे गुठळ्या धरतं. युझूचा रस आच बंद केल्यावर, आंबटासह उकळलं तर सेट होत नाही.

सहल समिती
पत्र आज पाठवलं: शोजिन दाशी, जैन ४ वेगळे, रिसोटो चीजशिवाय, साधं मिसो, कान्तेन. मेतकुटाचंही विचारलंय.

काकू
आणि नानात्सुबोशी?