बिंग बू येन जा : युद्धाला कपटाचं वावडं नाही

‘बिंग बू येन जा’ या चिनी म्हणीचा अर्थ अनेकदा ‘युद्धात सारं क्षम्य असतं’ असा सांगितला जातो. मला तो पटत नाही, कारण मूळ शब्दांत क्षमेचा संबंधच नाही. ‘बिंग’ म्हणजे शस्त्र, सैनिक आणि त्यावरून युद्ध. ‘बू’ हा नकार आणि ‘जा’ म्हणजे कपट. खरी गोम ‘येन’मध्ये आहे: पोट भरून वीट येणं, नकोसं होणं. म्हणून ‘युद्धाला कपटाचं वावडं नसतं’ हे मला सर्वांत जवळचं वाटतं. ‘गनिमी कावा’ इथे बसत नाही, ते लढण्याच्या एका पद्धतीचं नाव आहे.

म्हणीमागचा प्रसंग हान फेई या प्राचीन चिनी विचारवंताच्या ग्रंथात आहे. इ.स.पू. 632 मध्ये चंगपूला जिन आणि छू या राज्यांची लढाई व्हायची होती. छूचं सैन्य मोठं, म्हणून जिनचा अधिपती वेन याने सल्ला विचारला. त्याचा मामा हू येन म्हणाला, शिष्टाचार पाळणाऱ्या सज्जनाला सचोटीचा वीट नसतो, तसा रणांगणावर कपटाचा नसतो. युंग जी या दुसऱ्या सल्लागाराचं म्हणणं वेगळं होतं: रान पेटवून शिकार केली तर आज भरपूर मिळेल, पुढे जनावरच उरणार नाही; लोकांशी कपटाने वागण्याचंही तसंच. वेनने मामाचं ऐकलं आणि तो जिंकला. या लढाईत जिनच्या बाजूने रथामागे फांद्या ओढून धुरळा उडवला, पळ काढल्याची हूल दिली आणि पाठलागावर आलेल्या छूच्या तुकडीला घेरलं, असंही जुन्या इतिहासात आहे.

बक्षीस देताना मात्र वेनने युंग जीला पहिला मान दिला. हान फेईला हे मुळीच मान्य नाही. तो म्हणतो, प्रश्न शत्रूशी कसं लढावं हा होता, युंग जीने उत्तर दिलं ते भलत्याच प्रश्नाचं. मामाने शत्रूला फसवायला सांगितलं होतं, आपल्या प्रजेला नव्हे.

अर्थाची ही मर्यादा मला फार महत्त्वाची वाटते. आज चिनीत ही म्हण खेळ आणि व्यापारातही वापरतात. गोलरक्षकाला हूल देऊन दुसऱ्या कोपऱ्यात चेंडू मारला, तिथे ती चपखल बसते. भागीदाराचे पैसे बुडवणाऱ्याने ती तोंडी घेतली, तर हान फेईच्या खुलाशाप्रमाणे तो वापर चूक आहे: भागीदार शत्रूपक्षातला नसतो.